कंपनी बंद झाली तेव्हा मी घरीच होते : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलुंडच्या आमच्या घरातील मागच्या खोलीत बसून मी सहा वर्षे सात महिने एका कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहीत होते. भिवंडीच्या गोदामांत कोणता माल कधी आला, कोठे ठेवला आणि कोणत्या गाडीने बाहेर गेला याचा हिशेब ठेवणारी ती प्रणाली होती. आम्ही चौतीस जण होतो आणि अंधेरीतील छोटे कार्यालय २०२० मध्ये सोडल्यापासून कोणीच कोणाच्या शेजारी बसत नव्हते. ही कंपनी बंद झाल्यानंतर जुने सहकारी, सोसायटीतील शेजारी आणि लोकलमध्ये भेटणाऱ्या मैत्रिणी मला तेच ते प्रश्न विचारत राहिल्या, म्हणून उत्तरे एकदाच नीट लिहून ठेवत आहे. मी वकील नाही. रक्कम मोठी असेल किंवा वाद असेल, तर वकिलाचा किंवा सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा.

कंपनी ‘बुडाली’, ‘गुंडाळली’ आणि ‘बंद पडली’ यांत काही फरक आहे का?

बोलताना आपण हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरतो, परंतु आपले पैसे मिळणार की नाही, हे पुष्कळदा यांपैकी कोणता शब्द खरा आहे यावर ठरते.

‘गुंडाळली’ हा शब्द स्वेच्छेने केलेल्या समापनाला शोभतो. दिवाळखोरी संहिता, २०१६ नुसार त्यासाठी कंपनीच्या बहुसंख्य संचालकांना शपथपत्रावर सांगावे लागते की कंपनीवर देणे नाही, किंवा मालमत्ता विकून सर्व देणे पूर्णपणे फिटेल. ‘बुडाली’ म्हणजे देणी थकली आणि कोणी धनको किंवा कंपनी स्वतः राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे गेली. त्याचे मुंबई खंडपीठ कफ परेडला आहे. या मार्गाने जाण्यासाठी थकबाकी किमान १ कोटी रुपयांची असावी लागते, त्यामुळे तीन महिन्यांचे पगार थकलेल्या लहान कंपनीतील कर्मचाऱ्यांना स्वतःहून हे दार ठोठावणे बहुधा शक्य होत नाही. तिसरा प्रकार ‘बंद पडली’ हा, आणि तो सर्वांत फसवा आहे. यात कोणी काहीच जाहीर करत नाही. संस्थापक फोन उचलेनासे होतात, संकेतस्थळ चालू असते, आणि दोन-तीन वर्षांनी कंपनी निबंधक व्यवहार नसलेली कंपनी म्हणून तिचे नाव नोंदवहीतून काढून टाकतात. असे नाव निघाले म्हणून संचालकांची जबाबदारी संपत नाही, आणि बाधित धनको किंवा कामगार २० वर्षांच्या आत न्यायाधिकरणाकडे जाऊन नाव पुन्हा नोंदवण्याची मागणी करू शकतो. मात्र इतका धीर आणि इतका खर्च कोणाजवळ असतो, हा प्रश्न उरतोच.

आमची कंपनी गुंडाळली गेली. गुंतवणूकदारांनी पुढचा हप्ता नाकारला, संस्थापकांनी पंचवीस मिनिटांच्या व्हिडिओ बैठकीत ते सांगितले आणि दोन महिन्यांची मुदत दिली. आपल्या कंपनीची अवस्था कोणती आहे, हे अफवांवरून ठरवण्यापेक्षा कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिचे नाव शोधावे; नोंदणीची सद्यःस्थिती तेथे विनामूल्य दिसते.

कंपनी बंद होणार याची चाहूल आधी लागते का?

कार्यालय असले की चाहूल डोळ्यांना लागते. चहावाल्याची उधारी थकते, बिघडलेला एसी दुरुस्त होत नाही, दार लावून बैठका होऊ लागतात. घरून काम करणाऱ्याला यांपैकी काही दिसत नाही; डेव्हलपरला मात्र दुसरेच काही दिसत असते आणि त्याचा अर्थ लावण्याची त्याला सवय नसते. आम्हाला लॉग, म्हणजे प्रणालीत काय काय घडले याच्या नोंदी, ९० दिवसांऐवजी ७ दिवसच ठेवण्यास सांगण्यात आले. वार्षिक वर्गणीची साधने एकेक करून मासिक वर्गणीवर आली. चाचणीचा सर्व्हर रात्री बंद ठेवण्याचे ठरले. प्रत्येक गोष्ट एकेकटी पाहिली तर ती शहाणपणाची काटकसर होती, आणि क्लाउडचे बिल एक तृतीयांशाने खाली आणल्याबद्दल माझे बैठकीत कौतुकही झाले होते. आपण सामानाची बांधाबांध करत आहोत, हे त्या वेळी माझ्या लक्षात आले नाही.

यापेक्षा भरवशाची खूण भविष्य निर्वाह निधीच्या पासबुकात असते. मालकाने प्रत्येक महिन्याची वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. पगार वेळेवर होत असूनही पासबुकात दोन महिने नोंद दिसत नसेल, तर कोठे तरी पैशाची ओढाताण चालू आहे असे धरून चालावे. पगारातून कापलेला प्राप्तिकर भरला जातो आहे का, हेही प्राप्तिकर विभागाच्या फॉर्म २६एएस मध्ये पाहता येते. मी सहा वर्षांत हे एकदाही पाहिले नव्हते.

लॉगिन बंद होण्याआधी काय उतरवून घ्यावे?

या प्रश्नाचे उत्तर मी सर्वांत आग्रहाने देते. घरून चालणाऱ्या कंपनीत आपल्या नोकरीचा प्रत्येक पुरावा कंपनीच्याच खात्यांत असतो आणि ही सगळी खाती एकाच लॉगिनला जोडलेली असतात. ते एक लॉगिन बंद झाले की ईमेल, पगाराचे पोर्टल, रजेची नोंद, विम्याचे ॲप आणि सहकाऱ्यांशी बोलण्याची जागा अशी सगळी दारे एकदम लागतात. आमच्याकडे हे एका शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता झाले. नाशिकच्या एका सहकाऱ्याने पगाराच्या स्लिपा कधीच उतरवून घेतल्या नव्हत्या. त्याच्याजवळ आज तीन वर्षांच्या नोकरीचा पुरावा म्हणून केवळ बँकेचे विवरण आहे.

नियुक्तीपत्र, वेतनवाढीची पत्रे, सर्व महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, सर्व वर्षांचे फॉर्म १६, शिल्लक रजेच्या पानाचे चित्र, ईसॉपची, म्हणजे कर्मचाऱ्यांना देऊ केलेल्या समभागांची, पत्रे आणि समूह विम्याचे प्रमाणपत्र एवढे तरी स्वतःच्या संगणकावर असलेच पाहिजे. अनुभवपत्र आणि रिलीव्हिंग लेटर मनुष्यबळ विभागातील माणूस अजून नोकरीत असताना मागावे. तो स्वतःच गेल्यावर सही करणारे कोणी उरत नाही. स्लिपांचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. कंपनीने पगारातून कर कापला पण सरकारात भरला नाही, तर तोच कर कर्मचाऱ्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही, परंतु तो कापला गेला होता हे दाखवणारा कागद आपल्या हातात असावा लागतो.

ग्राहकांची माहिती, आतले दस्तऐवज आणि कोड मात्र आपल्या खासगी ईमेलवर पाठवू नये. शेवटच्या दिवसांत भावनेच्या भरात हे करणारे पुष्कळ असतात. आपल्याविषयीचे कागद आपले आहेत, कंपनीविषयीचे कागद कंपनीचे आहेत.

सहा वर्षे मी लिहिलेला कोड माझा नाही का?

नाही. प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कृतीचा पहिला मालक नोकरी देणारा असतो, वेगळा करार नसेल तर. कंपनी बंद झाली म्हणून तो कोड बेवारस होत नाही. इतर मालमत्तेसारखा तो लिक्विडेटरच्या, म्हणजे कायद्याच्या भाषेतील अवसायकाच्या, ताब्यात जातो आणि विकलाही जाऊ शकतो. मोह होतो याचे कारण तांत्रिक आहे. कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनाची रचनाच अशी आहे की प्रत्येकाच्या संगणकावरील प्रतीत प्रकल्पाचा साधारण संपूर्ण इतिहास असतो, त्यामुळे मी २०१९ मध्ये लिहिलेली पहिली ओळही माझ्या लॅपटॉपवर होती. हाताशी असणे आणि मालकीचे असणे यांत फरक आहे, एवढेच स्वतःला बजावत राहावे लागते.

तरीही कोड वाचवण्याचा एक सरळ मार्ग आहे, आणि तो म्हणजे मालकाकडून वेळेत परवानगी घेणे. त्रिमितीय चित्रांसाठी जगभर वापरले जाणारे ब्लेंडर हे सॉफ्टवेअर आज आहे ते यामुळेच. ते बनवणारी नॉट अ नंबर ही डच कंपनी गुंतवणूकदारांनी २००२ मध्ये बंद केली. त्याचा कर्ता टॉन रोसेंडाल याने कोड खुला करण्याच्या बदल्यात १ लाख युरो देण्याचे गुंतवणूकदारांशी ठरवले आणि वापरकर्त्यांनी ती रक्कम अवघ्या सात आठवड्यांत जमवली. ऑक्टोबर २००२ मध्ये कोड जीपीएल परवान्याखाली सर्वांसाठी खुला झाला.

आमची मागणी फारच लहान होती. गोदामांच्या नोंदींत एकच नाव कधी ‘शिंदे’, कधी ‘शिन्दे’, कधी रोमी लिपीत दोन तऱ्हांनी येत असे; ती एकाच माणसाची आहेत हे ओळखणारी सुमारे आठशे ओळींची लायब्ररी मी आणि कोल्हापूरच्या एका सहकाऱ्याने लिहिली होती. ती एमआयटी परवान्याखाली खुली करू द्यावी असे आम्ही संस्थापकांना लिहिले, आणि एका ओळीच्या ईमेलने होकार आला. ही विनंती लिक्विडेटर नेमला जाण्याआधी करावी. नेमणूक झाल्यावर संचालकांना असा होकार देण्याचा अधिकार राहत नाही, आणि लिक्विडेटरचे काम मालमत्ता विकण्याचे असते, वाटण्याचे नसते. एकदा खुल्या परवान्याने दिलेला कोड ज्यांनी घेतला त्यांच्याकडून परत घेता येत नाही, ही त्यातली समाधानाची बाजू.

कंपनी बंदच होणार असेल तर शेवटच्या आठवड्यांत डेव्हलपरला काम काय उरते?

माझ्या सबंध नोकरीतील सर्वांत काळजीपूर्वक केलेले काम याच आठवड्यांतले आहे. प्रणाली बंद करणे म्हणजे बटण दाबणे नव्हे. तिचाही क्रम असतो आणि तो चुकला की ज्यांचा काही दोष नाही त्यांचे नुकसान होते. आम्ही आधी ग्राहकांच्या खात्यांतून होणारी आपोआप वसुली थांबवली, कारण जी सेवा पुढच्या महिन्यात नसेल तिचे पैसे या महिन्यात घेणे योग्य नव्हते. मग नवी नोंदणी बंद केली. त्यानंतर एका ठरलेल्या रात्री प्रणाली केवळ वाचता येईल अशी केली, जेणेकरून प्रत्येकाने उतरवून घेतलेली माहिती हीच शेवटची ठरावी. रात्री आपोआप चालणारी कामे एकेक करून थांबवली. त्यांतली दोन कशासाठी होती हे कोणालाच सांगता येईना, तेव्हा ती सर्वांत शेवटी बंद केली. प्रणालीत शिरण्याच्या सर्व गुप्त किल्ल्या, म्हणजे पासवर्डसारखे संकेत, रद्द केल्या. डोमेनच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या आणि ईमेलच्या नावाच्या, नोंदींना आम्ही शेवटपर्यंत हात लावला नाही.

सर्वांत जास्त वेळ ग्राहकांना त्यांचा हिशेब परत देण्यात गेला. भिवंडीच्या एका गोदामातील कारकुनांनी फोनवर मला विचारले, “मॅडम, तुमचं बंद झालं तरी आमचा माल तर आतच आहे ना?” माल त्यांच्याच गोदामात होता, पण तो कोणत्या रांगेत आहे हे केवळ आमच्या सर्व्हरला ठाऊक होते. त्यांच्या दृष्टीने आम्ही नोकरी गमावत नव्हतो, त्यांच्या गोदामाची किल्ली घेऊन निघालो होतो. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात, त्यामुळे ही माहिती त्यांना पुढची सहा वर्षे लागणार होती. आम्ही साध्या सीएसव्ही फाइली दिल्या, आणि पहिल्याच दिवशी तक्रार आली की एक्सेलमध्ये मराठी नावांच्या जागी भलतीच चिन्हे दिसतात. फाइलच्या आरंभी बीओएम नावाची तीन बाइटांची खूण नसली की एक्सेल युनिकोड मजकूर चुकीचा वाचते. ती खूण जोडून सर्व फाइली पुन्हा तयार केल्या. त्या कंपनीसाठी मी लिहिलेला शेवटचा बदल म्हणजे या तीन बाइट.

थकलेला पगार आणि ग्रॅच्युइटी मिळते का?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत आस्थापना बंद झाल्यामुळे नोकरी गेली असेल तर देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावे, असे म्हटले आहे. माझा शेवटचा पगार चाळीस दिवसांनी आला. कायद्यातील मुदत सांगता येते म्हणजे पैसे येतात असे नाही, परंतु ईमेलमध्ये ती मुदत नेमकी लिहिली की उत्तर लवकर येते, एवढा अनुभव मी सांगू शकते.

ग्रॅच्युइटीसाठी सामान्यतः सलग पाच वर्षांची सेवा लागते. ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना आता एका वर्षानंतरही ती प्रमाणात मिळते. हिशेब असा की शेवटच्या मासिक वेतनाला २६ ने भागून १५ ने गुणायचे आणि त्याला सेवेच्या वर्षांनी गुणायचे. सहा महिन्यांहून अधिक झालेले शेवटचे अपुरे वर्ष पूर्ण धरले जाते. समजा, हिशेबाचे वेतन ६०,००० रुपये आणि सेवा सहा वर्षे सात महिने, तर सात वर्षे धरून २,४२,३०८ रुपये होतात. ही रक्कम देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते आणि उशीर झाल्यास त्यावर व्याज लागते.

कंपनी दिवाळखोरीत गेली असेल, तर रांग लागते. प्रक्रियेचा खर्च आधी निघतो. त्यानंतर कामगारांची मागील २४ महिन्यांची देणी आणि तारणधारक धनको बरोबरीने येतात. त्यांच्या मागे इतर कर्मचाऱ्यांचे मागील १२ महिन्यांचे वेतन. सॉफ्टवेअर अभियंता ‘कामगार’ ठरतो की नाही, हे पदाच्या नावावर नव्हे तर तो प्रत्यक्षात काय काम करतो यावर ठरते, आणि म्हणून तो वादाचा विषय होतो. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी निधीची रक्कम मात्र या रांगेच्या बाहेर, स्वतंत्र राहते. दावा मागवणारी सूचना एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेतील वृत्तपत्रात छापली जाते व तिला मुदत असते. आपण ते वृत्तपत्र वाचत नव्हतो ही सबब पुढे केल्याने काम होत नाही. दाद मागण्यासाठी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील कामगार भवनात कामगार आयुक्तांचे कार्यालय आहे.

भविष्य निर्वाह निधी अडकतो का?

जमा झालेली रक्कम अडकत नाही, कारण ती कंपनीजवळ नसतेच. अडचण येते ती नोकरी सोडल्याच्या तारखेची. ती मालकाने नोंदवायची असते, आणि मालकच उरला नाही की खाते नव्या नोकरीत हलवता येत नाही. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने गेले की निधीच्या यूएएन (सदस्य क्रमांकाच्या) पोर्टलवर कर्मचारी ही तारीख स्वतः नोंदवू शकतो, ही सोय २०२० पासून आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. ऑक्टोबर २०२५ मध्ये निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने असे ठरवले की नोकरी गेल्यास ७५ टक्के रक्कम लगेच आणि उरलेली २५ टक्के एका वर्षानंतर काढता यावी. शक्य असेल तर काढू नये, असे माझे मत आहे. पाच वर्षांच्या सेवेआधी काढल्यास कर लागू शकतो, आणि सेवा तुटली की निवृत्तिवेतनाला लागणाऱ्या दहा वर्षांचा हिशेब बिघडतो. पगारातून वर्गणी कापून ती भरलीच नसेल तर तो फौजदारी विश्वासघात ठरतो. त्याची तक्रार निधीच्या तक्रार पोर्टलवर किंवा वांद्रे पूर्वेच्या भविष्य निधी भवनात करावी.

कंपनी परदेशी असेल तर?

आपला करार कोणाशी आहे, ते आधी पाहावे. भारतातील एखादी मध्यस्थ संस्था कागदोपत्री मालक असेल, तर परदेशी कंपनी बुडाली तरी पगार, निधी आणि ग्रॅच्युइटीची जबाबदारी त्या भारतीय संस्थेचीच राहते. थेट कंत्राटदार म्हणून बिले पाठवत असाल, तर आपण कर्मचारी नाही; त्या देशातील अनेक विनातारण धनकोंपैकी एक आहोत, आणि दावा त्या देशाच्या पद्धतीने व मुदतीत करावा लागतो. मोठ्या कपातीआधी ६० दिवसांची सूचना देण्यास भाग पाडणारा अमेरिकेतील वॉर्न कायदा येथे घरी बसलेल्या डेव्हलपरला उपयोगी पडत नाही. कंत्राटदाराने बिल महिन्याऐवजी पंधरा दिवसांनी पाठवावे. बुडालीच तर निम्मी रक्कम बुडते.

आरोग्य विम्याचे काय होते?

समूह विमा बहुधा नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते आणि जुन्या आजारांसाठीचा, आधीच्या वर्षांत भरलेला प्रतीक्षाकाळ गमवावा लागत नाही. मात्र अर्ज समूह विमा चालू असतानाच करावा. घरात मधुमेहाचे वा रक्तदाबाचे कोणी असेल तर हे काम पगाराच्या पाठपुराव्याच्याही आधी करावे. आमच्याकडे सासूबाईंचे नाव पॉलिसीत होते, म्हणून मी ते पहिल्या आठवड्यात केले. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, ही एक बारीकशी सवलत.

ईसॉपचे?

शून्य. तारणधारक, कर्मचारी, सरकार, इतर धनको आणि अग्रहक्काचे भागधारक यांच्यानंतर साध्या भागधारकांचा क्रम येतो, आणि तेथवर सहसा काही पोहोचत नाही.

घरच्यांना कसे सांगावे?

मी हे वाईट रीतीने केले, म्हणून माझ्याकडून शिकण्यासारखे थोडेच आहे. पतीला त्याच दिवशी सांगितले, पण सासूबाईंना सांगायला मी नऊ दिवस घेतले, आणि ते नऊ दिवस रोज सकाळी दहाला त्या खोलीत जाऊन दार लावून बसले. कार्यालयात जाणाऱ्याला असे नाटक करायला निदान गाडी पकडून बाहेर तरी पडावे लागते. शेवटी सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, “म्हणजे उद्यापासून त्या खोलीत बसणार नाहीस का गं?” त्यांच्या लेखी माझी नोकरी म्हणजे ती खोली, बंद दार आणि कुकरची शिट्टी झाली तर रागावणारी सून एवढेच होते. त्यात काय बंद पडले, हे त्यांना दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हते.

गृहकर्ज असेल तर पहिला हप्ता चुकण्याआधी बँकेत जाऊन बोलावे. सलग ९० दिवस थकल्यावर कर्ज अनुत्पादित ठरते आणि मग बोलण्याचा सूर बदलतो.

लोक याची तुलना गिरण्यांच्या संपाशी करतात. ती योग्य आहे का?

बहुतेक अंगांनी नाही. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते आणि तो अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. माझे सासरे लालबागच्या एका गिरणीत साचेवाले होते. त्यांच्यामागे ना शिल्लक होती, ना दुसरीकडे नेता येईल असा धंदा. साचा चालवण्याचे कौशल्य साच्याशिवाय निरुपयोगी होते. माझे कौशल्य माझ्याबरोबर येते, आणि संगणक तर कोठेही मिळतो. स्वतःला त्यांच्या रांगेत उभे करणे मला संकोचाचे वाटते.

एका बाबतीत मात्र मला त्यांचा हेवा वाटला. सासूबाई सांगतात की संप लांबल्यावरही माणसे सकाळी गिरणीच्या फाटकापाशी जमत असत. भोंगा वाजेनासा झाला हे सबंध वस्तीला एकाच वेळी कळत होते. आमच्या कंपनीला फाटकच नव्हते. कायद्याने प्रत्येक कंपनीला नोंदणीकृत कार्यालय लागते, म्हणून एके दिवशी नियुक्तीपत्रावरचा पत्ता शोधत मी फोर्टमध्ये गेले. ते कंपनीच्या लेखापालांचे कार्यालय निघाले. दारावरच्या पाटीवर चौदा कंपन्यांची नावे होती, आमची अकरावी. आतल्या गृहस्थांनी नम्रपणे पाणी विचारले आणि काही काम आहे का असे विचारले. काम काही नव्हते.

सहकाऱ्यांशी संबंध टिकतो का?

ज्यांचे फोन क्रमांक घेतले होते, त्यांच्याशी टिकला. इंदूरच्या एका मुलीबरोबर मी चार वर्षे रोज काम केले. तिच्या घरातील पंख्याचा आवाजही मला ओळखता येत असे. तिचा क्रमांक माझ्याकडे नव्हता, कारण कधी लागलाच नव्हता. पाच आठवड्यांनी तिसऱ्याच एका माणसाकडून तो मिळाला. शेवटच्या आठवड्यात सर्वांचे खासगी क्रमांक आणि ईमेल एका कागदावर उतरवून घ्यावेत. हे काम मनुष्यबळ विभाग करणार नाही.

लॅपटॉप परत द्यावा लागतो का?

होय, आणि पोच घ्यावी. आमच्याकडे कुरिअरवाला तीन आठवड्यांनी आला. त्याआधी आपले फोटो आणि कागद काढून घ्यावेत व आपल्या खासगी खात्यांतून बाहेर पडावे. कंपनीचा कोड व माहिती मात्र सांगितल्याशिवाय पुसू नये, कारण तो लिक्विडेटरच्या दृष्टीने पुरावा असू शकतो.

मुलाखतीत काय सांगावे?

“कंपनी बंद झाली” एवढे एक वाक्य पुरते. कोणी खोलात गेलेच, तर प्रणाली कशी बंद केली ते सांगावे. नवे काही बांधलेले उमेदवार पुष्कळ असतात. चालू असलेली गोष्ट कोणाचे नुकसान न करता थांबवण्याचा अनुभव थोड्यांनाच असतो, आणि माझ्या दोन्ही मुलाखतींत चर्चा सर्वांत जास्त वेळ त्यावरच झाली.

कंपनीचा जुना ईमेल पत्ता कोठे कोठे दिला होता, हे का शोधावे?

कारण तो पत्ता उद्या दुसऱ्याचा होऊ शकतो. डोमेन भाड्याने घेतलेले असते. कंपनी नूतनीकरण करणार नसेल तर त्याची मुदत संपते. डॉटकॉम नावांना काढून टाकल्यानंतर ३० दिवसांची सोडवणुकीची मुदत मिळते आणि मग ते नाव कोणीही विकत घेऊ शकतो. घेणाऱ्याने त्या डोमेनवर ईमेल सुरू केला की माझ्या जुन्या पत्त्यावर येणारी सर्व पत्रे त्याला मिळतील, आणि त्या पत्त्याला जोडलेल्या खात्यांचे पासवर्डही तो बदलू शकेल. आमच्या संस्थापकांना आम्ही डोमेनचे पाच वर्षांचे पैसे आगाऊ भरायला लावले, पण पाच वर्षेही संपतातच. म्हणून एका रविवारी बसून मी यादी केली. गिटची दोन खाती होती, ते अपेक्षितच होते. त्यांखेरीज मुलीच्या शाळेचे पोर्टल, गॅसची नोंदणी, सोसायटीच्या फाटकाचे ॲप आणि सासूबाईंच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडची नोंद या सर्व ठिकाणी माझा पत्ता म्हणून कंपनीचा ईमेल दिलेला होता. शाळेने बदल करून घ्यायला लेखी अर्ज मागितला.